कंपनीचा रुपया बाजारात रुळला कसा? १८३५ च्या चांदीच्या नाण्याबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

जुनी नाणी जमवणारे, घरातली जुनी कागदपत्रं वाचणारे आणि इतिहासाचे विद्यार्थी यांच्याकडून पुन्हा पुन्हा येणारे प्रश्न इथे एकत्र केले आहेत. जवळपास सगळ्यांचा रोख एकाच गोष्टीवर असतो: सरकारनं एक चांगलं, एकसारखं नाणं काढलं, मग ते चालायला इतका वेळ का लागला? वजनं त्या काळच्या ग्रेनमध्ये दिली आहेत. १ ग्रेन म्हणजे ०.०६४८ ग्रॅम.

१. कंपनी रुपया म्हणजे नेमकं कोणतं नाणं?

१८३५ च्या सतराव्या कायद्यानं १ सप्टेंबर १८३५ पासून लागू झालेला चांदीचा रुपया. वजन १८० ग्रेन, म्हणजे ११.६६ ग्रॅम. त्यात १६५ ग्रेन शुद्ध चांदी आणि १५ ग्रेन हीण (मिसळलेला हलका धातू), म्हणजे बारा भागांत अकरा भाग चांदी. एका बाजूला चौथ्या विल्यम राजाचं डोकं, दुसऱ्या बाजूला पानांच्या वेलीत किंमत, भोवती ईस्ट इंडिया कंपनीचं नाव आणि साल. किंमत इंग्रजीत आणि फारसीत. याच प्रमाणात अधेली (अर्धा रुपया) आणि पावलीही (पाव रुपया) निघाली. कंपनीच्या सगळ्या मुलखात एकच रुपया चालावा, हा या कायद्याचा हेतू होता.

२. त्याआधी रुपया नव्हता का?

होता, आणि नको तितके होते. कलकत्त्यात सिक्का रुपया, वरच्या हिंदुस्थानात फर्रुखाबादी, मुंबईत सुरती, मद्रासेत मद्रासी. दख्खनमध्ये अंकुशी, चांदवडी आणि कितीतरी स्थानिक छाप. बहुतेकांवर फारसीत मुघल बादशहाचंच नाव असे, पुण्याच्या टांकसाळीत पडलेल्या रुपयांवरसुद्धा. बादशहाचं नाव म्हणजे नाण्याला मिळालेली जुनी पत होती. ते कुणाच्या ताबेदारीचं चिन्ह समजायचं कारण नाही.

वजनं जवळजवळची, पण सारखी नव्हेत. कसही (चांदीची शुद्धता) वेगळा. शिवाय नाणी हातोड्यानं पाडलेली. ठसा चकतीपेक्षा मोठा असायचा, म्हणून अर्धीच अक्षरं उमटत आणि कडा मोकळी राही. अशी कड कातरली तरी डोळ्याला पटकन कळत नाही. त्यामुळे रुपया मोजून घेता येत नसे, तो पारखून घ्यावा लागे. दख्खनच्या गावगाड्यात हे काम पोतदाराचं. बहुतेक ठिकाणी तो सोनारच असे आणि सारा भरायच्या वेळी प्रत्येक नाणं त्याच्या बोटांखालून जाई.

३. बट्टा कशावर आणि किती लागायचा?

बट्टा म्हणजे एका नाण्याच्या बदल्यात दुसरं घेताना द्यावी लागणारी तूट. ती तीन कारणांनी लागे: नाणं झिजलेलं किंवा कमी कसाचं असेल तर, ते दुसऱ्या टांकसाळीचं असेल तर, आणि ते जुन्या सनाचं असेल तर. पहिलं कारण रास्त आहे. दुसऱ्यातही थोडं तथ्य आहे, कारण परमुलखातलं नाणं वितळवून नवं पाडायला खर्च येतो. तिसरं मात्र निव्वळ रूढी होती.

बंगालमध्ये चालू सनाचा सिक्का पूर्ण किमतीला चाले. दुसऱ्या वर्षी त्यावर शेकडा ३ तूट, आणि तिसऱ्या वर्षापासून शेकडा ५. मग त्याला सनवात म्हणत, इंग्रजी कागदांतला ‘सोनात’ तो हाच. चांदी तीच, वजन तेच, तरी पेटीत दोन वर्षं ठेवलेल्या १०० रुपयांचे ९५ होत. त्यावर हिशोबासाठी ‘चालू रुपया’ नावाचं एक नाणं, जे कुणी कधी पाडलंच नाही: १०० सिक्के म्हणजे ११६ चालू रुपये. दोन गावच्या व्यापाऱ्यांच्या वह्या जुळवायच्या तर हे सगळं तोंडपाठ लागे, आणि ज्याला ते पाठ होतं त्याचं पोट त्यावर चाले.

४. नाण्यावरचा सन गोठवून कंपनीनं हा घोळ आधीच मिटवला नव्हता का?

तसा प्रयत्न झाला. १७९३ च्या नियमानं बंगाल, बिहार आणि तेव्हाच्या ओरिसासाठी शहाआलमच्या राज्यारोहणाचा १९ वा सन असलेला सिक्काच ग्राह्य धरला. पुढे कितीही वर्षं नाणी पाडली तरी सन १९ च राहिला. फर्रुखाबादी रुपयावर ४५, सुरतीवर ४६ असे सन याच कारणानं गोठले. सनच कळला नाही तर सनावरचा बट्टा कसा घेणार, असा विचार होता.

अर्धं काम झालं. सनाचा बट्टा हळूहळू गेला, पण टांकसाळीचा आणि झिजेचा राहिला. एक नवी अडचणही उभी राहिली. सरकारी कायद्यात १९ सनी सिक्काच खरा, पण खेड्यात तो पोचलाच नव्हता. शेतमाल विकून रयतेच्या हाती येई ते जुनं स्थानिक नाणं आणि सारा भरायचा तो सिक्क्यात. मधला बदल सराफाकडे, तोही हप्त्याच्या तारखेला, म्हणजे सगळ्या गावाला एकाच दिवशी सिक्के हवे असताना. बट्टा कायद्यातून काढला आणि तो हप्त्याच्या दिवशी बाजारात येऊन बसला. नवं नाणं आणणाऱ्या जवळजवळ प्रत्येक वसाहती सरकारला हा अनुभव आला आहे.

५. नव्या चांदीमुळे लोक प्रत्यक्ष उठले, असं कुठे घडलं का?

ओरिसात. १८०३ मध्ये कंपनीनं नागपूरकर भोसल्यांकडून कटकचा मुलूख घेतला. तिथला रोजचा व्यवहार कवड्यांवर चाले आणि सारासुद्धा कवड्यांत भरता येई. १ काहण म्हणजे १२८० कवड्या. कंपनीनं सारा चांदीच्या सिक्क्यात मागायला सुरुवात केली आणि ४ काहण, म्हणजे ५१२० कवड्या बरोबर १ रुपया, असा दर धरला.

आता यात काय बिघडलं ते बघा. मुलखात सिक्का रुपये फार थोडे. सारा म्हणून आलेली चांदी कलकत्त्याकडे जाई आणि परत येत नसे. त्यामुळे रुपया महाग होत गेला, कवडी उतरत गेली, आणि बाजारात एका रुपयाला सहा-सात काहण मोजावे लागू लागले. साऱ्याचा आकडा कागदावर होता तेवढाच राहिला, पण शेतकऱ्याला तो दीडपट पडू लागला. ज्यांना हप्ता जमला नाही त्यांच्या जमिनी लिलावात गेल्या. १८१७ मध्ये खुर्दा या गावी बक्षी जगबंधूच्या नेतृत्वाखाली पाइक, म्हणजे तिथले जमिनीच्या बदल्यात चाकरी करणारे शिपाई, उठले. नंतरच्या चौकशीत वाढीव सारा आणि महागलेलं मीठ यांच्याबरोबर कवडीचं चलन मोडणं हेही कारण म्हणून नोंदलं गेलं. उठाव निव्वळ नाण्यामुळे झाला असं म्हणणं ताणलेलं होईल. पण नाण्याकडे दुर्लक्ष करून त्याचा इतिहास लिहिता येत नाही.

६. १८० ग्रेन हाच आकडा का धरला? कलकत्त्याचा सिक्का तर जड होता.

कंपनीच्या इंग्लंडमधल्या संचालकांनी १८०६ च्या खलित्यातच १८० ग्रेनचा, १६५ ग्रेन शुद्ध चांदीचा रुपया सुचवला होता. मद्रासनं तो १८१८ मध्ये घेतला, मुंबईनं १८२४ मध्ये, आणि फर्रुखाबादी रुपया १८३३ मध्ये याच वजनावर आणला. म्हणजे १८३५ पर्यंत चारपैकी तीन रुपये एकसारखे झालेले होते, वेगळा राहिला होता तो कलकत्त्याचा. त्याचं वजन १९२ ग्रेन आणि शुद्ध चांदी १७६.

त्यात एक सोय दडलेली होती. १७६ चे पंधरा-सोळांश बरोबर १६५. म्हणून कायद्यात ‘कंपनी रुपया म्हणजे सिक्क्याचे १५/१६’ असं स्वच्छ लिहिता आलं. १८३३ च्या सातव्या नियमानं तोळाही १८० ग्रेनचा ठरवला होता. त्यामुळे रुपया हेच वजन झालं: ८० रुपयांचा शेर, ४० शेरांचा मण. वाण्याच्या तागडीत वजन म्हणून रुपये टाकायची चाल इतकी टिकली ती यामुळे. कलकत्त्याचा पारखी अधिकारी जेम्स प्रिन्सेप या सगळ्या आकडेमोडीच्या मुळाशी होता. ब्राह्मी लिपी वाचणारा म्हणून तो आपल्याला माहीत असतो, पण त्याची नोकरी होती टांकसाळीत चांदीचा कस लावण्याची.

७. जुनी देणी नव्या रुपयात कशी मोडायची? आमच्या दस्तात ‘सिक्का रुपये’ लिहिलंय.

सिक्का रुपयांना १६ नं गुणा आणि १५ नं भागा. १०० सिक्के म्हणजे १०६ रुपये १० आणे ८ पै कंपनी. उलट करायचं तर १५ नं गुणून १६ नं भागा.

मद्रासी, मुंबईचा, फर्रुखाबादी आणि सनवात रुपया कायद्यानं कंपनी रुपयाच्या बरोबरीचा धरला, तिथे काहीच करायचं नाही. मद्रासकडच्या जुन्या दस्तात होन असतील तर १०० होनांना ३५० रुपये हा १८१८ चा सरकारी दर.

यात हमखास चूक होते ती अशी. दस्तात नुसतं ‘रुपये’ लिहिलेलं असतं आणि वाचणारा तो कंपनी रुपया समजतो. दख्खनमधल्या १८३५ आधीच्या कागदांत रुपयाचा छाप बहुधा लिहिलेला असतोच. नसेल तर त्याच दप्तरातला पुढचा-मागचा कागद बघा. अंकुशी, चांदवडी यांना एकच कायमचा दर लावू नका. तो गावागणिक आणि वर्षागणिक बदले (प्रश्न १० पाहा).

८. टांकसाळीत हा रुपया कसा पडायचा, आणि त्यात कुठे अडायचं?

कलकत्त्याची नवी टांकसाळ १८२९ मध्ये सुरू झाली, मुंबईचीही त्याच सुमाराला उभी राहिली. दोन्हीकडची वाफेची यंत्रं विलायतेतून आली.

काम असं चाले. व्यापारी चांदी आणून देई. तिचा नमुना काढून कस लावत. शिशाबरोबर हाडांच्या राखेच्या मुशीत तापवलं की शिसं हीण घेऊन राखेत मुरतं आणि शुद्ध चांदीचा मणी मागे उरतो. आधीचं आणि नंतरचं वजन यांवरून कस निघे. मग चांदी वितळवून त्यात हिशोबानं तांबं घालायचं, लगडी ओतायच्या, लाटणयंत्रातून पट्ट्या काढायच्या, पट्टीतून चकत्या कापायच्या. लाटून कडक झालेल्या चकत्या तापवून मऊ करायच्या, आम्लात धुऊन काळेपणा काढायचा, एकेक तोलायची. हलकी निघाली तर परत मुशीत. शेवटी ठसा, आणि कडेला दाते. दाते शोभेचे नव्हते. कड कातरली की दाते जातात आणि लहान पोरालाही कळतं.

हिशोबाचं उदाहरण: कुणी १६५० तोळे शुद्ध चांदी आणली तर १५० तोळे तांबं मिसळून १८०० रुपये होतात. त्यातून शेकडा २ टांकसाळीचा हक्क, म्हणजे ३६ रुपये वजा. हाती १७६४.

खरी अडचण कच्च्या मालाची होती. हिंदुस्थानात तेव्हा चांदीच्या खाणी जवळपास नव्हत्याच, सगळी चांदी समुद्रावरून येई. मुंबईत ती मुख्यतः स्पॅनिश डॉलरच्या आणि चीनकडच्या लगडींच्या रूपानं उतरे. डॉलरचा कस ९० टक्क्यांच्या आसपास, रुपयाला हवा ९१.६७. म्हणजे नुसते डॉलर वितळवून रुपया होत नाही. एक तर ते शुद्ध करा, नाहीतर त्यात जास्त कसाची चांदी घाला. ९० टक्क्यांची आणि ९८ टक्क्यांची चांदी असेल तर साधारण चारास एक हे प्रमाण बसतं. जहाजं उशिरा आली, चीनचा व्यापार मंदावला, की टांकसाळ रिकामी. नवं नाणं किती निघणार हे गव्हर्नर जनरल ठरवत नसे, व्यापारी किती चांदी आणून टाकतो यावर ते ठरे.

९. सगळी जुनी नाणी एकदम परत घेऊन नवी का दिली नाहीत?

कारण मधल्या काळात लोकांनी व्यवहार कशानं करायचा? नाणं गोळा करून टांकसाळीत पोचवायला, वितळवायला आणि परत पाठवायला महिने जातात. तेवढे दिवस तो पैसा बाजारातून नाहीसा होतो आणि धान्याचे भाव पडतात. सारा मात्र पडत नाही.

दुसरं कारण तोट्याचं. झिजलेलं नाणं पूर्ण किमतीला घेतलं तर झीज सरकारच्या माथी, वजनावर घेतलं तर ज्याच्या हाती त्या दिवशी नाणं असेल त्याच्या माथी. कंपनीनं बहुतेक वेळा दुसरा मार्ग धरला. कलकत्त्याचा सिक्का १८३६ च्या कायद्यानं १ जानेवारी १८३८ पासून बाद झाला. त्यानंतर तो सरकारी कचेरीत वजनावर घेत आणि वर शेकडा १ वितळवणी कापत. पूर्वी ज्यानं तो पूर्ण रुपया म्हणून घेतला होता त्याचं नुकसान झालं, आणि हा माणूस बहुधा सराफ नसे. सराफानं आपली नाणी मुदतीआधीच खपवलेली असत. माझ्या मते १८३५ च्या सुधारणेत टीका करण्याजोगी जागा हीच आहे. नाणं उत्तम होतं, पण बदलीचा खर्च ज्याला हिशोब कमी येत होता त्याच्याकडून वसूल झाला.

१०. पुण्याकडे अंकुशी आणि चांदवडी रुपयाचं काय झालं?

१८१८ मध्ये पेशवाई गेली, पण पुणे, चांदवड, बागलकोट इथल्या टांकसाळी कंपनीनं लगेच बंद केल्या नाहीत, काही वर्षं चालवल्या. मुंबईहून घाट चढून पुरेसे रुपये येत नव्हते, फौजेचा पगार दरमहा द्यायचा होता, आणि लोक ओळखीचा छापच मागत. अंकुशी म्हणजे अंकुशाचं चिन्ह असलेला रुपया. पण तेवढं सांगून भागत नाही, कारण तो छाप एकाहून अधिक टांकसाळींत पडत असे आणि कसात फरक राही. दोन अंकुशी रुपये एका किमतीचे असतीलच असं नाही.

१८३५ नंतर कंपनीचं नाणं इथे आलं ते मुख्यतः तीन वाटांनी: शिपायांचा पगार, सरकारी बांधकामं, आणि कापूस खरेदी करणारे व्यापारी. जुनं नाणं गेलं ते सरकारी खजिन्याच्या दारातून. कचेरी जे नाणं सारा म्हणून घेते तेच लोक जपून ठेवतात आणि ती ज्यावर तूट लावते ते दुसऱ्याच्या गळ्यात मारायला बघतात. जाहीरनाम्यांपेक्षा या एका गोष्टीनं जास्त काम केलं. पण त्याला पुरी पिढी लागली. गावच्या पोतदाराचं नाणं पारखायचं काम याच काळात संपत गेलं.

११. सराफांनी नवीन रुपयाला विरोध केला म्हणतात. खरं आहे का?

अर्धवट. नाणेबदलीवरचं त्यांचं उत्पन्न बुडालं हे खरं. पण मोठ्या पेढ्यांचा मुख्य धंदा हुंडीचा (दुसऱ्या गावी पैसे देण्याच्या चिठ्ठीचा) आणि कर्जाचा होता. दूरच्या गावाची हुंडी लिहिताना दोन्हीकडे एकच रुपया असणं त्यांच्या फायद्याचंच होतं. खरा फटका बसला तो तालुक्याच्या ठिकाणच्या लहान सराफाला. तो पुढे सावकारीकडे वळलेला दिसतो.

सराफांवर खापर फोडणं इंग्रज अधिकाऱ्यांना सोयीचं होतं, म्हणून कागदपत्रांत ते जास्त येतं. पण बट्ट्यात झीज, वाहतूक आणि कसाची जोखीम यांची किंमतही असे. ती सगळीच लबाडी नव्हती.

१२. नव्या रुपयाची मोड का मिळत नसे?

कायद्यानुसार १ रुपया म्हणजे १६ आणे, ६४ पैसे किंवा १९२ पै. पैसा तांब्याचा, १०० ग्रेन वजनाचा. पण तांब्याचा कायदा, १८३५ चा एकविसावा, सुरुवातीला बंगालपुरता होता. बाकीच्या मुलखाला तो लागू व्हायला १८४४ उजाडलं. मधली नऊ वर्षं दख्खनच्या माणसाच्या हाती नवा रुपया आणि मोड मात्र जुन्या शिवराईची, म्हणजे मराठेशाहीतल्या तांब्याच्या नाण्याची. शिवराईचा रुपयाशी पक्का दर नव्हता, तो रोज बाजारात ठरे.

मजुराची दिवसाची कमाई आण्यांत. त्याला रुपया हे मोठं नाणं. त्यामुळे चांदीवरचा बट्टा मिटला तरी खुर्द्यावरचा तसाच राहिला आणि गरिबाला तोच जास्त लागे. १८४१ मध्ये चांदीची दोन आण्यांची चवली निघाली, तिनं थोडी सोय झाली. शिवराई मात्र त्यानंतरही कित्येक वर्षं बाजारात होती. तांबं वाहून नेणं परवडत नाही, म्हणून तांब्याचं नाणं आपलं गाव सहसा सोडत नाही आणि ते बदलायलाही सगळ्यात अवघड.

१३. नाण्यावर राजाचं डोकं आलं म्हणून लोकांनी नाकारलं का?

तसा ठोस पुरावा दिसत नाही. बादशहा दुसरा अकबर तेव्हा दिल्लीत हयात होता आणि त्याच्या घराण्याचं नाव नाण्यावरून जाणं ही राजकीयदृष्ट्या मोठी गोष्ट होती. बाजाराला मात्र वजनाची काळजी. फारसी किंवा इंग्रजी, सामान्य माणसाला दोन्ही वाचता येत नव्हतं. उलट पूर्ण उमटलेला ठसा आणि दातेरी कड यांमुळे हा रुपया न वाचताच ओळखता येई.

१४. सरकारी सोन्याच्या मोहरेचं काय? ती पण चालायची ना?

पाडली जाई, पण सक्तीचं चलन नव्हती, म्हणजे देण्यापोटी ती घ्यावीच लागे असं नव्हतं. १८३५ च्या कायद्यानं सोनं त्या जागेवरून हटवलं. १५ रुपयांची मोहर टांकसाळीत निघे. १८४१ पासून सरकारी खजिने ती १५ रुपयांना घेऊ लागले. मग कॅलिफोर्निया आणि ऑस्ट्रेलियात सोनं सापडलं, सोन्याचा भाव उतरला, आणि लोक स्वस्त झालेलं सोनं जुन्या दरानं खजिन्यात आणून टाकतील अशी भीती पडली. १ जानेवारी १८५३ पासून ती सवलत बंद.

१५. माझ्याकडच्या सगळ्या रुपयांवर १८३५ च आहे. खोटे आहेत का?

नाही. विल्यमचे रुपये १८४० पर्यंत पाडले, पण साल १८३५ च ठेवलं. व्हिक्टोरियाचे १८४० साल असलेले रुपयेही पुढे बरीच वर्षं निघाले आणि १८६२ चे तर १८७४ पर्यंत. कारण प्रश्न ४ मधलंच: दरवर्षी साल बदललं तर जुन्या सालावर पुन्हा बट्टा सुरू होईल ही धास्ती. मुंबईनं १८६२ च्या रुपयावर बारीक ठिपके घालून खरं वर्ष आपल्यापुरतं नोंदवलं. संग्राहक आज ते ठिपके भिंगाखाली मोजतात.

विल्यमच्या मानेच्या कापावर ‘आर.एस.’ असेल तर ते कलकत्त्याचा टांकसाळ अधिकारी रॉबर्ट सॉन्डर्स याचं, ‘एफ’ असेल तर त्याच्यानंतरच्या फोर्ब्सचं.

१६. झिजलेला रुपया कायद्यानं घ्यावाच लागे का? आणि खोटा कसा ओळखायचा?

वजनात शेकडा २ पेक्षा जास्त घट नसेल आणि नाणं कातरलेलं, कानसलेलं किंवा मुद्दाम विद्रूप केलेलं नसेल तर घ्यावा लागे. म्हणजे १७६.४ ग्रेन, सुमारे ११.४३ ग्रॅम ही सीमा.

खोटा ओळखायला आज घरी करता येण्याजोगी चाचणी पाण्यातल्या वजनाची. ०.०१ ग्रॅम दाखवणारा काटा घ्या, त्यावर पाण्याचं भांडं ठेवून काटा शून्यावर आणा. नाणं दोऱ्यानं बांधून पाण्यात पूर्ण बुडवा, पण तळाला किंवा बाजूंना टेकू देऊ नका. काटा जो आकडा दाखवेल त्यानं नाण्याच्या कोरड्या वजनाला भागा. उत्तर १०.३ च्या आसपास यायला हवं. ११.६६ ग्रॅमच्या नाण्याला काटा सुमारे १.१३ दाखवेल. ९ च्या खाली आलं तर चांदी नाही. नाण्याला बुडबुडे चिकटले तर उत्तर चुकतं, म्हणून आधी ते हलवून झटका. दागिन्यासाठी कडी डाखलेली असेल तर ही चाचणी धरू नका.

१७. मराठवाड्यात आणि गोव्यात हाच रुपया होता का?

मराठवाड्यात नव्हता. निजामानं आपला हाली सिक्का राखला आणि तो कंपनी रुपयापेक्षा कमी किमतीचा. स्थिरावलेला दर साधारण ७ हालीला ६ कलदार, म्हणजे यंत्रावर पाडलेले ब्रिटिश रुपये. सीमेवरच्या गावांत दोन्ही चालत आणि तिथे बट्टा विसाव्या शतकातही जिवंत होता. हैदराबाद भारतात आल्यावर, १९५० नंतर, हालीची जागा भारतीय रुपयानं घेतली. इतर संस्थानांसाठी १८७६ चा कायदा झाला: संस्थानिकानं चांदी पाठवायची आणि ब्रिटिश टांकसाळीत ब्रिटिश वजनाचा रुपया पाडून घ्यायचा. फार थोड्यांनी तो वापरला.

गोव्याची गोष्ट निराळी. १८७८ च्या करारानंतर पोर्तुगीजांनी ब्रिटिश वजनाचाच रुपया घेतला. १८८१ आणि १८८२ सालचे लुईश राजाच्या डोक्याचे ‘उमा रुपिया’ कलकत्त्यात पाडलेले आहेत. १६ टंगांचा रुपया. करार १८९२ मध्ये संपला, वजन मात्र राहिलं.

१८. चांदीचा भाव बदलला तर अशा नाण्याचं काय होतं?

दोन्ही बाजूंनी मार बसतो. १८७३ नंतर चांदी उतरत गेली. स्वस्त चांदी टांकसाळीत आणून रुपये करून घेणाऱ्यांची रीघ लागली, म्हणून २६ जून १८९३ पासून खासगी चांदीसाठी टांकसाळी बंद केल्या. तिथून रुपया त्याच्यातल्या चांदीपेक्षा जास्त किमतीला चालू लागला.

उलटं उदाहरण सिंगापूर-मलायाकडचं आहे आणि त्यातली नाणी मुंबईत पडलेली. १९०३ मध्ये तिथल्या वसाहतीसाठी ४१६ ग्रेनचा, ९० टक्के चांदीचा नवा डॉलर काढला, म्हणजे मेक्सिकन डॉलर हद्दपार करता येईल. १९०६ मध्ये त्याची किंमत २ शिलिंग ४ पेन्सला बांधली. इतक्यात चांदी चढली आणि नाणं वितळवण्यात फायदा दिसू लागला. शेवटी ते परत घेऊन १९०७ मध्ये लहान आकाराचं काढावं लागलं. किंमत बांधताना चांदी किती चढेल तेवढी जागा सोडली नव्हती.

१९. घरात किंवा शेतात असा रुपया सापडला. काय करू?

घरातल्या पेटीतला असेल तर तुमचा. घासू नका. चिंच, राख, पितांबरी काहीही नको, काळा थर गेला की संग्राहक निम्मीही किंमत देत नाही. चांदीच्या भावानं सोनाराला मोडू नका. आधी साल, ठिपके आणि मानेवरची अक्षरं बघा (प्रश्न १५).

जमिनीत पुरलेली नाणी निघाली आणि किंमत १० रुपयांहून जास्त असेल, म्हणजे आज कितीही कमी नाणी असली तरी, तर १८७८ च्या निखात निधी कायद्याप्रमाणे जिल्हाधिकाऱ्यांना लेखी कळवावं लागतं. न कळवता विकली तर हक्कही जातो आणि गुन्हाही लागतो.

परदेशी असलेल्या मुलाबाळांना आठवण म्हणून पाठवायचा विचार असेल तर थांबा. १०० वर्षांहून जुनं नाणं पुरावस्तू धरलं जातं आणि १९७२ च्या कायद्यानुसार ते खासगी व्यक्तीला देशाबाहेर नेता येत नाही. सामानात एकच रुपया असला तरी विमानतळावर अडवू शकतात.